हलत्या चित्रांचे सर

आमच्या शाळेत एक सर होते. त्यांच्या वर्गात ‘समजलं’ म्हणायला बंदी होती.

कुणी चुकून म्हणालंच, तर पोरानं शिवी दिल्यासारखे सर त्याच्याकडं बघायचे. “समजलं म्हणू नको,” म्हणायचे. “समजलं म्हणलं की माणूस थांबतो. कुठं अडलं ते सांग.” पोरगं म्हणालं, कुठंच नाही अडलं, तर त्यांचं तोंड आणखी पडायचं. “मंग तू आत गेलाच न्हाईस,” असं म्हणून ते पुढच्या बाकाकडं वळायचे.

मी त्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा सरांची नोकरी वीस-बावीस वर्षं झालेली होती. शाळा भोकरदन तालुक्यातली, हसनाबादच्या पुढं, एका खाजगी संस्थेची. मी जालन्याची. आमच्या वस्तीत विज्ञानाची पदवी घेतलेली मी पहिली मुलगी, त्याबद्दल विहारात माझा सत्कारही झाला होता. हे सांगायचं कारण पुढं येईल. सरांचे वडील मेंढरं वळायचे. सर त्याबद्दल लाजायचे नाहीत आणि मिरवायचेही नाहीत. अंगानं काटकुळे, भर मे महिन्यात शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

त्यांच्या खिशात खडीसाखरेची एक पितळी डबी असायची. पोरं कॉम्प्युटरपाशी बसली की सर एक खडा तोंडात टाकायचे आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलेलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बाई, मास्तरची जीभ लई खाजती. पोरगं उत्तराच्या जवळ आलं की आपुन सांगून टाकतो. मंग ते उत्तर आपलं व्हतं, त्याचं न्हाई.” त्या खडीसाखरेपायी त्यांच्या दोन दाढा गेल्या होत्या. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

कॉम्प्युटर शाळेचे नव्हते. एका बँकेनं काढून टाकलेले दहा जुने कॉम्प्युटर सरांनी अर्जावर अर्ज करून मिळवले आणि घरच्या गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून आणले. त्यातले सात चालू झाले. उरलेल्या तिघांचे भाग काढून सर त्या सातांना जगवत राहायचे. शिक्षकांना पगारवाढीसाठी कॉम्प्युटरचा एक कोर्स करावा लागायचा. बाकीच्यांनी प्रमाणपत्र घेतलं आणि विषय संपवला. सर मात्र त्या कोर्सच्या मास्तरकडं पुढची दोन वर्षं दर रविवारी जात राहिले, आणि मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, त्या सात यंत्रांवर बसून चित्रं करायला लागले.

चित्रं म्हणजे पडद्यावरची, हलणारी. पण नुसती बघायची नव्हेत. एकात मेणबत्ती आणि भिंग होतं. मेणबत्ती माउसनं पकडून पुढंमागं सरकवली की पलीकडची प्रतिमा लहानमोठी, उलटीसुलटी व्हायची. एकात भाकरी होती, ती हवे तितके तुकडे करून अपूर्णांक जुळवायचे. एकात चंद्र फिरवता यायचा. दिसायला सगळी कुरूप. करड्या पडद्यावर काळ्या रेघा आणि खाली सरांच्या बोलीतलं मराठी. पोरं त्यांना गेम म्हणायची. ते सरांना आवडायचं नाही. “गेममधी हारजीत आस्ती. हितं कोन हारून राह्यलं?” असं म्हणायचे.

नियम एकच होता. माउसला हात लावायच्या आधी काय होईल ते पाटीवर लिहायचं. चुकलेल्या पाटीला सर कधी काही बोलले नाहीत. कोऱ्या पाटीवर मात्र चिडायचे. आणि चित्र पाहून झालं की कपाटातून खरं भिंग, खरी मेणबत्ती काढायची आणि तेच पुन्हा करायचं. “चित्र मी केलंय,” ते पोरांना सांगायचे. “मी खोटं बी दाखवू शकतो. माझं बिलकुल खरं धरून चालू नका.”

नवं चित्र झालं की ते पहिल्यांदा वर्गातल्या हुशार पोराला देत नसत. सीमा नावाच्या मुलीला बसवायचे. सीमाची आई रोजानं कापूस वेचायला जायची आणि वेचणीच्या दिवसांत सीमाही जायची, त्यामुळं तिचे धडे मधूनमधून तुटलेले असायचे. ती अडायची, आणि कुठं अडली ते न लाजता सांगायची. सर ते वहीत लिहून घेऊन चित्र बदलायचे. कधी कधी एकेका चित्रावर महिना जायचा. “हुशार पोरगं चित्रातली चूक झाकून टाकतं,” ते मला म्हणाले होते. “सीमा झाकीत न्हाई. माझी खरी तपासणी तीच करती.”

मी लागले त्याच वर्षीची गोष्ट. नववीचा वर्ग, विजेचा धडा. माझा तास रिकामा होता म्हणून मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. पडद्यावर एक सेल, एक बल्ब आणि तार. तारेतून बारीक गोळे पळत होते. सर पोरांना म्हणाले, “बल्बाच्या अलीकडं एका सेकंदात जेवढे गोळे जातेत, पलीकडं तेवढेच जातेन, का कमी, का जास्त? लिव्हा.” आणि एक पाटी त्यांनी माझ्यापुढंही धरली. “बाई, तुमी बी लिव्हा.”

मी हसत हसत ‘कमी’ लिहिलं. मला शंकासुद्धा आली नाही. बल्ब पेटतो म्हणजे वीज खातो, मग पुढं कमीच जाणार. सहावी-सातवीला मी तसंच शिकवलंही होतं.

एका मुलानं माउस फिरवून मोजणी सुरू केली. अलीकडं जेवढे गोळे, पलीकडंही तेवढेच. मग सरांनी खरा सेल, खरा बल्ब आणि विद्युतधारा मोजायचं यंत्र आणलं. ते एकदा बल्बाच्या आधी लावलं, एकदा नंतर. काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला. धारा खर्च होत नाही, ऊर्जा खर्च होते, हे वाक्य मी परीक्षेत कितीतरी वेळा लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी, चाळीस पोरांच्या समोर, मला लागला.

पोरं हसली नाहीत. निम्म्या पाट्यांवर माझंच उत्तर होतं. सर तर खुशीत होते. “बघा, बाईंचं बी तुमच्यासारखंच अडलं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं तो माझा गौरव होता. मला मात्र तिथं बसवेना. मी उठून बाहेर आले. जालन्यातल्या सत्काराची शाल मला आठवली, आणि वाटलं, या माणसानं ती चारचौघांत माझ्या अंगावरून ओढून घेतली. पुढं मी त्या खोलीत जाऊन बसायचं सोडलं. त्यांच्याशी हसून बोलायचे, डब्यातली भाजी द्यायचे, पण आत ते बसलंच होतं.

माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आली त्या वर्षी शाळेला डिजिटल वर्ग मिळाला. कुण्या देणगीदाराकडून भिंतभर मोठा, बोटानं चालणारा पडदा आला, आणि सोबत एका कंपनीचे तयार धडे. उद्घाटनाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहुणे येणार होते. पाहुणे मोठे होते, कोण ते सांगत नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी आठ दिवस आधीपासून शाळेत तळ दिला. हेडसरांनी सरांना बोलावून सांगितलं, “तुमची ती चित्रं या मोठ्या पडद्यावर लावा. पाहुण्यांना आवडतील. फक्त पोरांची उत्तरं तयार करून घ्या.”

“उत्तरं तयार केली तर मंग दाखवायचं काय?” सर म्हणाले.

“सर, एक दिवस ऐका माझं.”

सरांनी मान हलवली. हेडसरांनी ती होकाराची धरली.

उद्घाटनाच्या दिवशी दहावीचा वर्ग स्वच्छ गणवेशात बसला होता. सरांनी भिंगाचं चित्र लावलं. चित्रात भिंगापलीकडं मेणबत्तीची पूर्ण प्रतिमा पडलेली. सर म्हणाले, “आता मी ह्या भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकणार हाय. प्रतिमा किती दिसंल? लिव्हा.” पोरांनी पाट्या काढल्या. आणि सरांनी, कुणाला काही कळायच्या आत, एक पाटी आणि पेन्सिल नेऊन पाहुण्यांच्या हातात दिली.

“सायेब, तुमी बी लिव्हा.”

सगळा हॉल हसला. पाहुणे रंगात होते, त्यांनीही हसून लिहिलं आणि पाटी उंच धरून सगळ्यांना दाखवली. अर्धी.

सरांनी सीमाला पुढं बोलावलं. तिनं पडद्यावर बोट ठेवून काळा कागद भिंगावर ओढला. प्रतिमा पुसट झाली, पण मेणबत्ती पूर्णच्या पूर्ण राहिली. ज्योत, वात, खालचं मेण, सगळं. मग सरांनी खरं भिंग तिच्या हातात दिलं. तिनं समोरच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडली आणि भिंग तळहातानं अर्धं झाकलं. भिंतीवर खिडकी अंधूक झाली, पण चारही कोपऱ्यांसकट तिथंच होती.

हेडसरांनी अध्यक्षांकडं बघितलं. सीमाला ते अवघडलेपण जाणवलं असावं. ती पाहुण्यांकडं वळून अगदी मनापासून म्हणाली, “सायेब, वाईट नका वाटून घेऊ. आमचं बी पैल्यांदा चुकलंच व्हतं.”

पाहुणे मोठ्यानं हसले. टाळ्या झाल्या. पण पाटी त्यांनी उलटी करून खुर्चीखाली ठेवली आणि घड्याळ बघितलं. जेवायला ते थांबले नाहीत. गाडी गेल्यावर अध्यक्ष फाटकातच उभे राहिले. आवाज चढवला नाही. हेडसरांना एवढंच म्हणाले, “मास्तरला माणसं वळखू येत न्हाईत का?”

सरांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते खोलीत पाट्या पुसत होते. “भल्ले भल्ले अर्धीच लिव्हतेत, बाई,” मला म्हणाले. “म्हंजे सवाल बराबर हाय.”

पंधरा दिवसांत एक कागद तयार झाला. त्यावर लिहिलं होतं की सदर शिक्षक अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करीत नाहीत, तासाच्या वेळात मुलांना कॉम्प्युटरवर खेळ खेळायला लावतात, त्यामुळं दहावीच्या निकालावर परिणाम होण्याची शक्यता आहे. खाली सहकारी शिक्षकांच्या सह्या. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. कागद माझ्याकडं फिरवला, पेनाचं टोपण स्वतः काढलं आणि पेन त्यावर आडवा ठेवला.

“तुमच्या कायम मान्यतेचा प्रस्ताव अध्यक्षांकडंच आहे, मॅडम,” ते म्हणाले. “जूनमध्ये पाठवायचाय.”

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. ते खरंच होतं. माझ्या आधी दोघांच्या सह्या होत्या. मी तिसरी केली. नोकरी गेली असती तर घरी काय तोंड दाखवलं असतं, हे सगळं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आणि ते खोटंही नाही. पण सही करताना मला नोकरी आठवली नव्हती. मला तो बल्ब आठवला होता.

दिवाळीनंतर सरांचे तास काढून घेतले. त्यांना ऑफिसात बसवलं. हल्ली शाळेचं निम्मं काम ऑनलाइन असतं. विद्यार्थ्यांची माहिती भरा, आधार जुळत नाही ते दुरुस्त करा, पोषण आहाराचे आकडे चढवा, फोटो टाका. हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, तुम्हाला कॉम्प्युटर येतो. तुमच्याशिवाय हे दुसऱ्याला जमणार नाही.” बाकीचे शिक्षक सुटकेचा श्वास टाकून हसले. मला वाटतं, त्याहून नेमकी शिक्षा त्या माणसाला कुणी शोधून दिली नसती. सगळा दिवस कॉम्प्युटरपुढं, आणि समोर पोरगं नाही.

नववी-दहावीचं विज्ञान माझ्याकडं आलं. डिजिटल वर्ग आणि ती सात यंत्रांची खोलीही माझ्या ताब्यात आली.

एका सोमवारी सर मला व्हरांड्यात भेटले. “बाई, त्या यंत्रांतलं माझं समदं काढून घ्यायचंय,” म्हणाले. “घरी कॉम्प्युटर न्हाई माझ्याकडं, म्हनून तिथंच राह्यलं. पोरग्यानं आता लॅपटॉप घेतलाय, त्यावर ठिवतो. शनवारी अर्धी शाळा आस्ती, तवा येऊ का?”

“या की सर,” मी म्हणाले.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. विशीबाविशीतला पोरगा, चांगला नम्र. जुन्या यंत्रांवरही कंपनीचे धडे बसवायचे होते, आणि त्यासाठी आधीचं सगळं काढून टाकावं लागणार होतं. त्यानं पहिल्या यंत्रातली फाइलींची यादी बघितली आणि माझ्याकडं येऊन विचारलं, “मॅडम, ह्यात कुणाचं बरंच काही दिसतंय. ठेवायचंय का? कॉपी करून घ्यायला तासभर लागेल.”

साडेचार वाजले होते. माझी जालन्याची बस पावणेपाचला. ती चुकली की पुढची सहाला. सर तिथून दोन खोल्या सोडून बसलेले होते. मी जाऊन विचारू शकले असते. त्या पोराला नुसतं ‘शनिवारनंतर ये’ म्हणू शकले असते. त्यालाही घाई नव्हती.

“राहू द्या,” मी म्हणाले. “जुनं आहे सगळं. उडवा.”

शनिवारी सर आले. हातात नवा, पाकिटातला पेनड्राइव्ह होता. पहिलं यंत्र चालू केलं. कंपनीचं निळं चिन्ह आलं, गाणं वाजलं. दुसरं चालू केलं. सातही चालू केली. सातव्यापुढं ते स्टुलावर बसले.

“कंपनीच्या माणसानं परस्पर केलं, सर,” मी म्हणाले. “मला सांगितलंच नाही त्यानं.”

सर उठले. मग सातही यंत्रं एकेक करून नीट बंद केली. “बरं,” म्हणाले. “सकाळी पोर्टल जल्दी चालतं. जातो मी.” आणि ऑफिसात गेले.

फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेआधी, सीमा माझ्याकडं आली. मेणबत्ती भिंगापासून कुठं असली की प्रतिमा कशी पडते, याचा एक तक्ता पुस्तकात आहे. “तक्ता पाठ करते मॅडम, पण सकाळपर्यंत राहत न्हाई,” ती म्हणाली. “सरांच्या चित्रात मी मेणबत्ती सरकवायची तवा कळायचं मला. ते चित्र एकदा लावता का?”

मी तिला मोठ्या पडद्यापुढं बसवलं आणि कंपनीचा धडा लावला. सुंदर रंग होते, गोड आवाजातली बाई होती. सीमानं तो पूर्ण बघितला. मी विचारलं, समजलं का? ती म्हणाली, “व्हिडिओ चांगलाय मॅडम. पण तो मला काहीच इचारीत न्हाई.”

मी तिला म्हणाले, सरांना जाऊन विचार. ती मधल्या सुट्टीत ऑफिसात गेली आणि लगेच परत आली.

“काय म्हणाले सर?”

तिनं मान खाली घातली. “सर म्हणले, मला आता येत न्हाई ते.”

सीमा पास झाली. विज्ञानात जेमतेम. अकरावीला तिनं कला शाखा घेतली, एवढं कळलं. पुढचं माहीत नाही. त्यात माझा वाटा किती, हे मी कधी शोधायला गेले नाही.

सर त्यानंतर चार वर्षं ऑफिसात होते. आमच्या शाळेची माहिती तालुक्यात सगळ्यांच्या आधी भरली जायची. खडीसाखरेची डबी त्यांनी आणायची सोडली होती. पोरं दारावरून आरडत गेली तरी मान वर करायचे नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, सगळं झालं. हेडसरांनी त्यांना शाळेचा कणा म्हटलं. अध्यक्षांनी संगणकतज्ज्ञ म्हटलं. मीही बोलले. विद्यार्थ्यांवर निरतिशय प्रेम करणारे शिक्षक, असं काहीतरी म्हणाले. मग सर उठले.

“समदे म्हणले, मी एकोणतीस वर्षं शिकवलं,” ते म्हणाले. “तसं न्हाई. पंचवीस वर्षं शिकवलं. शेवटची चार वर्षं मला शिकवू दिलं न्हाई. कागदावर बराबर लिव्हा.”

आणि खाली बसले. हेडसरांनी घाईनं टाळ्या सुरू केल्या.

या गोष्टीलाही आता काही वर्षं झाली. मी नियमित झाले, सिनियर झाले. गेल्या वर्षी तालुक्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला मार्गदर्शक म्हणून बोलावलं. विषय होता, अवघड संकल्पना शिकवण्यासाठी संगणकाचा वापर. आता वरूनच आदेश येतात की मुलांना नुसतं दाखवू नका, आधी अंदाज करू द्या, हाताळू द्या. मी कुठूनशी मिळवलेली असली एक आकृती पडद्यावर लावली आणि शंभरेक शिक्षकांना सरांचा बल्बाचा प्रश्न विचारला. बहुतेकांनी ‘कमी’ लिहिलं. उत्तर आल्यावर हॉलभर चुळबुळ झाली, मग टाळ्या. चहाच्या वेळी परतूरहून बदलून आलेले एक तरुण शिक्षक जवळ आले. “मॅडम, ही पद्धत फार छान आहे. कुणाची?”

“आमच्या शाळेत आम्ही बऱ्याच वर्षांपासून करतोय,” मी म्हणाले.

त्या उत्तरानं मला आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी मी पिंपळगाव रेणुकाईला गेले. सरांचं घर तिथं, देवीच्या देवळाच्या मागच्या गल्लीत. ते ओट्यावर बसले होते. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी प्रशिक्षणाचं बोलले, हवापाण्याचं बोलले. घरात कुठं कॉम्प्युटर दिसत नव्हता. मग एकदाचं मी म्हणाले,

“सर, तुमची चित्रं कंपनीच्या माणसानं परस्पर नव्हती उडवली. मी सांगितलं होतं.”

“माहिती हाय,” सर म्हणाले.

“कसं?” मी विचारलं.

“त्या पोरानं त्याच दिवशी सांगितलं. यंत्रं चालू असताना त्याला वायर कमी पडली, म्हनून माझ्या टेबलावरचा वायरचा बोर्ड मागायला आल्ता. मी सहज इचारलं, काय करून राह्यलास? तो म्हणला, मॅडमनी जुनं समदं उडवायला सांगितलं. मी पळत आल्तो, बाई. तुमच्या दारापर्यंत आल्तो.”

“मग आत का नाही आलात?”

“तुमी पर्स भरीत व्हता,” ते म्हणाले. “डबा ठिवला, छत्री ठिवली, घड्याळ पाह्यलं. मी आत आलो असतो तर निम्मं तरी वाचलं असतं. पण माझे पायच उचलंनात. शनवारी तरी येऊन पाह्यलं, एखांद्या यंत्रात काही राह्यलं असंल म्हनून. तुमची सही मला माहिती व्हती. मी मनाला सांगितल्तं, नवी नोकरी हाय, पोरीचा नाइलाज असंल. त्या सहीला नाइलाज व्हता.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “पावणेपाचच्या बसला कसला नाइलाज व्हता?”

सुनेनं चहा आणून ठेवला. मी म्हणाले, सर, मला माफ करा. ते कपाकडं बघत होते.

“ते तुमी आता कबूल केलं. तुमाला हलकं वाटंल,” ते म्हणाले. “मला काय वाटायला पायजे, ते काही मला समजून न्हाई राह्यलं. चहा घ्या. थंड होऊन राह्यला.”

मी चहा घेतला. त्यांनी त्यांचा घेतला. मी निघाले तेव्हा ते उठून उभे राहिले, घरी आलेल्या कुठल्याही बाईसाठी राहिले असते तसे, आणि मी गल्लीच्या टोकाशी पोचण्याआधीच ते घरात निघून गेले.